आधी दिसतो, मग ऐकू येतो

बोटीवर ज्याला काहीच येत नाही त्याला काय काम द्यायचं, हा प्रश्न वहिनींनी पहिल्या दहा मिनिटांत निकालात काढला. मला दोर बांधायला सांगितला तर गाठ सुटत होती आणि दुसऱ्याने बांधलेली गाठ सोडायला सांगितली तर ती सुटत नव्हती. त्यांनी माझ्या हातून दोर काढून घेतला आणि एक वही दिली. "भावोजी, तुम्ही नोंदी करा. दिसला की लिहायचं."

बोट मित्राची आणि वहिनींची. अडतीस फुटी, एकच डिझेल इंजिन, सात नॉट वेगाने चालणारी. म्हणजे सायकलवाल्याने जरा मनावर घेतलं तर तोही पुढे निघून जाईल. सुकाणूवर वहिनी, इंजिनाशी मित्र आणि वहीशी मी. आग्नेय अलास्कातला फ्रेडरिक साउंड हा बेटांच्या मधला रुंद, खोल पट्टा. उन्हाळ्यात तिथे हंपबॅक जातीचे देवमासे हेरिंग मासे आणि क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव खायला येतात. त्यातले बरेचसे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात, पण तिथे त्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही. तेव्हा वर्षाची भूक भागवायची ती इथेच.

वहीत वहिनींनीच रकाने आखले होते: वेळ, दिशा, अंतर, शेरा. दिशा सांगायची ती घड्याळाच्या भाषेत. बोटीच्या नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, पाठीमागे सहा. पहाटे सव्वापाचला मित्र ओरडला, "दहा वाजता!" आणि मी आधी मनगटाकडे बघितलं. मान वर करेपर्यंत तिथे काही नव्हतं. शेऱ्यात 'बहुतेक पक्षी' असं लिहिलं. ही माझी पहिली नोंद.

पुढचे अडीच तास वही भरली ती चुकांनीच. तरंगता ओंडका दोन वेळा, त्यातला एक अर्धा बुडालेला आणि नेमका पाठीसारखा काळा. पाठीमागे राहिलेल्या लेकॉन्ट हिमनदीचे बर्फाचे तुकडे तीन वेळा. (उत्तर गोलार्धात थेट समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्यांमधली ही सर्वात दक्षिणेकडची. तिचे तुकडे वाहत वाहत कुठवर येतात ते त्या दिवशी कळलं.) केल्पच्या शेवाळाचा गुंता एकदा. एका लाटेला तर मी छातीठोकपणे देवमासा म्हटलं. ती लाट आमच्याच बोटीची होती, पलीकडच्या किनाऱ्यावर आपटून परत आलेली.

मधेच डॉल जातीच्या, डॉल्फिनसारख्या दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पॉरपॉईजची एक टोळी आली. पाणी उडवत, नाकाच्या अगदी खालून इकडून तिकडे जात पाच मिनिटं खेळली आणि आमच्या वेगाचा कंटाळा येऊन निघून गेली. त्यांची नोंद करायची राहूनच गेली. वही हातात असूनही.

८ वाजून ५ मिनिटांनी काळ्याशार स्प्रूसच्या रानासमोर एक पांढरा ठिपका उभा राहिला. धुराचा लोट उठावा तसा. क्षणभर टिकला आणि वाऱ्यावर डावीकडे कलंडत विरला. आवाज नाही, पाठ नाही, काही नाही. मी बोट दाखवलं, पण शब्द फुटेना. मित्र शांतपणे मोजायला लागला होता. "एक... दोन... तीन... चार... पाच." आणि मग आला. फूऽऽश. एखाद्या मोठ्या टायरमधून सगळी हवा एकदम सोडावी तसा, पण त्याच्या शेवटाला एक ओलसर घरघर.

"सतराशे मीटर," मित्र म्हणाला. "लिही."

वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजायचो, तेच गणित. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. श्वास दिसतो तत्क्षणी आणि ऐकू येतो तो मागाहून. मधले सेकंद मोजले की अंतर हातात. अंतराचा रकाना मी तोवर 'लांब', 'बराच लांब', 'जवळसं' असल्या शब्दांनी भरला होता. आता तिथे आकडे यायला लागले आणि माझ्या कामाला एकदम प्रतिष्ठा आली.

दिवसभर देवमासे बघितले असं मी आता सांगतो खरा, पण वही उघडली की कळतं, बघितले ते मुख्यतः श्वास. बारा-पंधरा मीटरचं, तीस टनांच्या घरातलं जनावर, आणि त्यातलं आपल्या वाट्याला येतं ते तीन-चार मीटर उंचीचं धुकं. जुन्या संस्कृत काव्यात तिमी नावाचे प्रचंड मासे डोक्यावरच्या भोकांतून पाण्याचे प्रवाह वर सोडतात असं वर्णन आहे. लहानपणीच्या चित्रांतही देवमाशाच्या डोक्यावर कारंजं असायचंच. पण ते पाणी नव्हे. फुप्फुसातली कोंडलेली ऊबदार, दमट हवा एका झटक्यात बाहेर पडते, थंड हवेत निवून तिचं धुकं होतं, आणि नाकपुड्यांवर साचलेलं थोडं समुद्राचं पाणी त्याच्याबरोबर उडतं. हंपबॅकला अशा दोन नाकपुड्या. दातवाल्या देवमाशांना एकच. सरावलेली माणसं नुसत्या फवाऱ्यावरून जात सांगतात: स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे तिरका, राइट व्हेलचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला, निळ्या देवमाशाचा सरळसोट उंच. हंपबॅकचा बुटका आणि झुडपासारखा पसरट. पार्श्वभूमी मात्र काळी हवी. रानासमोर दोन किलोमीटरवरचा श्वास दिसतो, आणि ढगाळ आभाळासमोर पाचशे मीटरवरचाही हरवतो.

आठ वाजून पाच मिनिटांच्या त्या देवमाशाने पाच श्वास घेतले. मधे वीस-वीस सेकंद. पाचव्यानंतर पाठ कमानीसारखी वर आली, आणि तिच्यामागून काही घाई नसल्यासारखी शेपटी. दोन पाती आभाळाकडे उघडली, त्यांच्या कडेवरून पाण्याची झालर गळली, आणि ती उभीच्या उभी खाली गेली. पाण्याला खळबळसुद्धा नाही.

त्यानंतरचा वेळ वहीत लिहिता येत नाही. आठ मिनिटं. तीन माणसं तीन दिशांना तोंडं करून उभी, आणि प्रत्येकाला खात्री की तो आपल्याच बाजूला वर येणार. तसा तो कोणाच्याच बाजूला येत नाही. दुर्बीण अशा वेळी निरुपयोगी. तिच्यातून समुद्राचा एक वाटोळा तुकडा फार चांगला दिसतो आणि बाकीचा सगळा समुद्र हातचा जातो. नुसते डोळे बारीक करून, कशावरच न रोखता बघायचं असतं. मला ते दुपारपर्यंत जमलं नाही.

शेपटीच्या खालच्या बाजूवर काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी असते, आणि ती प्रत्येक हंपबॅकची वेगळी. अलास्कात ती फोटोंवरून ओळखायला ज्यांनी सुरुवातीला सुरुवात केली त्यांच्यात जूनोचे चार्ल्स जुराझ होते. पेशाने शाळामास्तर. आता हे काम हॅपीव्हेल नावाच्या संकेतस्थळावर संगणक करतो. कोणीही आपला फोटो चढवावा आणि तो शेपटी जुळवून बघतो. संशोधकांच्या आणि हजारो हौशी लोकांच्या असल्या फोटोंवरून २०२४ मध्ये अभ्यासकांनी हिशोब मांडला की उत्तर पॅसिफिकमधले हंपबॅक २०१२ च्या सुमारास ३३ हजारांवर पोचले होते, आणि २०२१ पर्यंत २६ हजार ६०० च्या आसपास आले. शिकार थांबल्यावर चाळीसेक वर्षं वाढत आलेला आकडा खाली आला, तो मुख्यतः २०१४ ते २०१६ च्या समुद्री उष्णतेच्या लाटेने. पाणी तापलं, खाणं आटलं.

जुराझ यांनी १९७२ साली एका देवमाशाचा फोटो घेतला होता. पुढे त्याला लोक ओल्ड टायमर म्हणायला लागले. ती उष्णतेची लाट त्याने निभावून नेली. माहीत असलेल्या हंपबॅकमधला तो सर्वात वयस्कर. २०२४ च्या जुलैत तो अलास्काच्याच पाण्यात मेलेला सापडला. जहाजाची धडक. बावन्न वर्षं एकाच शेपटीच्या नोंदी होत राहिल्या, आणि शेवटची नोंद ही. मित्राने मला हे सांगितलं तेव्हा वहिनींनी काही न बोलता वेग आणखी कमी केला. सात नॉटवरून पाच.

आता जे घडलं ते लिहायला मला फारसं आवडत नाही.

साडेअकराला फाइव्ह फिंगर बेटावरचा दीपस्तंभ दिसायला लागला. १९०२ मध्ये पेटलेला, १९३३ मध्ये जळालेला, आणि १९३५ पासून काँक्रीटचा पांढरा ठोकळा होऊन उभा असलेला. त्याच्या अलीकडे दोन हंपबॅक जोडीने, एका मागोमाग एक श्वास घेत दक्षिणेकडे चालले होते. मोजून दोन सेकंद, सुमारे सातशे मीटर. वहिनी रात्रभर नांगराकडे लक्ष ठेवून होत्या; सुकाणू मित्राच्या हाती देऊन तासाभरासाठी खाली झोपायला गेल्या होत्या. आम्ही दोघंच वर. माझ्याकडे कॅमेरा, आणि सकाळपासूनच्या सगळ्या फोटोंत आभाळ, पाणी आणि एकदा माझाच अंगठा.

"अरे, ते सरळच चाललेत," मी म्हणालो. "आपण जरा पुढे जाऊन थांबलो तर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला नियम पाठ आहेत. अलास्कात २००१ पासून कायदा आहे: हंपबॅकच्या शंभर यार्डांच्या, म्हणजे ९१ मीटरच्या आत जायचं नाही, आणि त्याच्या वाटेत पुढे जाऊन, तो आपल्याजवळ येईल असं उभंही राहायचं नाही. मी नेमकं दुसरंच करायला सांगत होतो. शेपट्या खाली गेल्या, आणि त्याने वेग वाढवला. मोठा वळसा घेऊन आम्ही पुढे गेलो. आमच्या मते ते जिथे वर यायला हवे होते तिथून तीनशे मीटरवर थांबलो आणि वाट बघत बसलो.

नऊ मिनिटं. दहा. बारा.

मग मोजायला काही उरलंच नाही. दिसणं आणि ऐकू येणं एकदमच झालं. बोटीच्या डाव्या अंगाला पंधरा-वीस मीटरवर पाणी फुगलं, काळं झालं आणि फुटलं. तो आवाज मला कानांपेक्षा छातीत ऐकू आला. नाकपुड्या उघडताना आणि मिटताना दिसल्या. दोन्ही मुठी एकत्र ठेवून उघडाव्यात तशा. डोक्यावरचे गाठीसारखे उंचवटे, पाठीवर एक जुना लांबट व्रण, पाण्याखाली हिरवट पांढरा दिसणारा हात, तोच जवळजवळ पाच मीटर. आणि मग त्याचा श्वास आमच्यावर आला. कुजक्या मासळीचा, शिळ्या कोबीचा, काहीतरी तळघरातला वास. चष्मा धूसर झाला. दुसरा बोटीच्या मागून गेला असावा. मी बघितला नाही. मी कठडा धरून उभा होतो आणि कॅमेरा गळ्यात लोंबत होता. मित्राने इंजिन केव्हाच न्यूट्रलमध्ये टाकलं होतं. आता पुढे नाही, मागे नाही, ते जाईपर्यंत जागचं हलायचं नाही.

वहिनी आवाजाने वर आल्या. त्यांनी समुद्राकडे बघितलं, मग बोटीमागच्या आमच्या वळशाच्या फेसाकडे. तो अजून पुसला नव्हता. "कोणी सांगितलं पुढे यायला?" एवढंच विचारलं. नवरा गप्प राहिला, आणि मी 'मी' म्हणायला हवं होतं ते म्हणालो, पण जरा उशिरा.

त्या काही रागावून बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने सुकाणूवरूनच, समोर बघत म्हणाल्या, "तुम्ही सेकंद मोजताय ना भावोजी, ते हवेतले. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो. तुम्हाला तो ऐकू यायला पाच सेकंद लागतात तिथे त्याला आपण एका सेकंदात ऐकू जातो. आपण पुढे निघालो हे त्याला निघाल्या निघाल्याच कळलं असणार." मग कॅनडाच्या फंडीच्या आखातातली गोष्ट त्यांनी सांगितली. २००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजांची वर्दळ कमी झाली. तिथे पाण्यातला आवाज सहा डेसिबलनी उतरला, आणि त्याच दिवसांत गोळा केलेल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाचं संप्रेरक कमी सापडलं. अभ्यास छापून आला २०१२ मध्ये. जग हादरून गेलं होतं त्या आठवड्यात त्या जनावरांना जरा बरं वाटलं होतं, हे ऐकून मला काय वाटावं ते कळलं नाही. अजूनही कळत नाही.

त्या नोंदीच्या पानावर फवाऱ्याचे थेंब पडून शाई फुटली आहे. वेळ ११:५२, दिशा नऊ वाजता, अंतराच्या जागी डाग. शेरा लिहिलेला नाही.

दुपारी त्यांनी मला शिक्षा म्हणा, बक्षीस म्हणा, एक वेगळं काम दिलं. तीनला फुफ्फुसभर ओरडणारे गल पक्षी एका जागी घोंगावताना दिसले. वहिनींनी अर्धा मैल अलीकडे बोट थांबवली आणि इंजिन पूर्ण बंद केलं. सकाळपासून ते पहिल्यांदाच बंद झालं. त्याचा आवाज किती होता ते थांबल्यावर कळलं. मित्राने एका लांब वायरच्या टोकाचा पाण्यात बुडणारा मायक्रोफोन काढून बोटीच्या कडेने सोडला आणि दुसऱ्या टोकाचा छोटा स्पीकर माझ्या मांडीवर ठेवला.

आधी खरखर. दूरवरच्या कुठल्या तरी जहाजाची एकसुरी घुमघुम. डोळ्यांना ते जहाज कुठेच नव्हतं. मग एक हाक आली. तुतारीसारखी म्हणावी तर तिच्यात माणसाच्या गळ्याचंही काहीतरी होतं. एकाच पट्टीत लांब, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. इथले हंपबॅक टोळीने हेरिंग पकडतात तेव्हाची ही हाक. टोळीतला एकजण खोलवर गोल फिरत बुडबुडे सोडतो. त्यांची वर चढत जाणारी भिंत हेरिंग ओलांडत नाहीत. दुसरा ही हाक देतो, तिने मासे बिचकून घट्ट गोळा होतात. बाकीचे खालून वर ढकलतात. हे जन्मजात येत नाही, शिकावं लागतं असं मानतात, आणि सगळ्यांना ते येतही नाही.

हाकेची पट्टी चढायला लागली. चढली, आणि तुटली. स्पीकरमध्ये नुसती खरखर. मी मान वर करून गल पक्ष्यांकडे बघितलं. ते सगळे एका बाजूला झुकले होते, त्यांना वरून बुडबुड्यांचं कडं दिसत होतं. एक, दोन, तीन... आणि पाण्यातून सात-आठ तोंडं एकदम उघडी, उभी वर आली. खालचे गळे चुण्या उलगडून मडक्यासारखे फुगलेले, वरच्या जबड्याला दातांऐवजी लोंबणारी बॅलीनची झालर, आणि त्या सगळ्यावरून चांदीसारखे उडणारे हेरिंग. तोंडं मिटली. पाणी झालरीतून गाळून बाहेर पडलं. आणि मग कितीतरी वेळाने, सावकाश, हवेतून त्यांच्या आदळण्याचा धडाका आमच्यापर्यंत आला.

दिवसभर आधी दिसत होतं आणि मग ऐकू येत होतं. इथे आधी ऐकू आलं, मग दिसलं, आणि पुन्हा ऐकू आलं. कुठल्या क्षणापासून मोजायचं हेच मला सुचेना. ते वहीत कसं लिहायचं म्हणून विचारलं तर वहिनी हसल्या. सकाळनंतर पहिल्यांदा. "लिहू नका. ऐका."

असं अकरा वेळा झालं. सातव्यानंतर हाक तुटली की मी वर बघत नव्हतो, डोळे मिटून तोंडं उघडल्याचा अंदाज बांधत होतो. दोनदा बरोबर आला.

संध्याकाळी ॲडमिरल्टी बेटाच्या पिबस बेमध्ये आत शिरून नांगर टाकला. साखळी खडखडत खाली गेली, बोट वाऱ्याकडे तोंड करून स्थिरावली. जुलैमधला सूर्य पावणेदहापर्यंत ढळत नाही. ढळल्यावरही उजेड तासभर रेंगाळतो. मी दिवसभराच्या नोंदी नीट करत बसलो. श्वास एकूण २१४. शेपट्या १९. वापरता येईल असा फोटो एक, तोही शेपटीच्या अर्ध्या भागाचा. डावं पातं, पांढऱ्यावर काळे ओरखडे. तो चढवून बघ, संगणक अर्ध्यावरूनही कधीकधी ओळखतो, असं मित्र म्हणाला आणि झोपायला गेला. वहिनी नांगर धरला आहे की नाही ते बघायला एकदा वर आल्या. "ओहोटीला बोट फिरेल, घाबरू नका," म्हणाल्या आणि त्याही गेल्या.

अकराच्या सुमाराला धुकं उतरलं. किनारा गेला, मग पाणी गेलं, मग बोटीचं नाक गेलं. नांगराच्या दिव्याभोवती दुधासारखा एक गोळा राहिला. मी वही मिटणार होतो.

फूऽऽश.

मी उठून उभा राहिलो. डावीकडे असावा. की मागे? धुक्यात आवाजाला दिशा राहत नाही. पाणी ठिबकल्याचं ऐकू आलं, म्हणजे फार लांब नसेल. पण दुपारचा धडाका तर अर्ध्या मैलावरून ऐकला होता. बघायला काही नव्हतं, त्यामुळे मोजायला सुरुवात कुठून करणार?

वीस सेकंदांनी पुन्हा. मग पुन्हा.

वही उघडली. वेळ ११:१४. दिशेचा रकाना सोडला. अंतराचा रकाना सोडला. शेऱ्यात लिहिलं, 'तीन'. जरा थांबून ते खोडलं आणि 'चार' केलं.